शेवटचा पाना गाडी जमिनीवर उतरल्यावर

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत डोंगरवाटांवर चारचाकी घेऊन जाणाऱ्या हौशी मंडळींवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, फोटो तर फारच. पण पाटे (गाडीचं वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि शॉकअप बदलणं हे घरच्या घरी एका दुपारीत उरकणारं काम आहे, असं त्यात सहज म्हटलंय, आणि ते मला दोन दिवस छळत राहिलं. घरी होतं, हे खरं. मी केलंय. दुपारीत होत नाही. आणि जी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे काम कुणाला शिकवूच नये, तीच लेखात नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण बुशांबद्दल, म्हणजे पाट्यांच्या टोकांतल्या रबरी नळ्यांबद्दल, लिहिलेला भाग कापू नका.

मी पशुवैद्य. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी राजूरच्या पुढे गाय अडली की फोन मलाच येतो. कुमशेत, पाचनई, रतनवाडी, साम्रद. गावापर्यंत डांबर आहे, पण गोठे काही डांबरावर नसतात. शेवटचा किलोमीटर-दीड किलोमीटर म्हणजे ओहोळ, धोंडे आणि चिखल, आणि तिथे माझी जिप्सी जाते. मारुतीने ही गाडी 1985 साली आणली. 2019 पासून ती खासगी माणसाला नवी मिळत नाही. त्यामुळे आहे तीच जपायची. पुढे आणि मागे सलग हौसिंग, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध आस, आणि चारही कोपऱ्यांना कमानी पाटे. बसणाऱ्याची हाडं मोजून घेणारी गाडी आहे, हे मी नाकारत नाही. पण पान्याने सुटते आणि पान्याने जोडता येते, याला आमच्याकडे फार किंमत आहे.

दोन वर्षांपूर्वी ती उजवीकडे कलायला लागली. मी बहुतेक वेळा एकटी, म्हणजे वजन उजवीकडेच. लंगडं जनावर आलं की आधी चांगला पाय बघतात. तसं मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी मोजलं. जमिनीपासून मोजू नये, टायरातल्या हवेचा फरक त्यात घुसतो. पुढची उजवी बाजू डावीपेक्षा 28 मिलिमीटर खाली निघाली. पाटे बसले होते. शिवाय मागच्या एका शॉकअपच्या अंगावरून तेलाचा ओघळ आला होता आणि त्यावर धूळ बसून काळा चिकटा झाला होता. हे दिसलं की शॉकअप गेला, आणखी परीक्षा लागत नाही.

मी तेव्हा शहाण्यासारखी गॅरेजला गेले. कुठल्या ते लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती. मे महिन्यात नवे पाटे, नवे शॉकअप, नवे बुश टाकून घेतले. गाडी दिवसभर दोन खांबांच्या लिफ्टवर होती, मी बाकावर बसून चहा पीत होते. संध्याकाळी खाली आली तेव्हा हरणीसारखी उभी. दिवाळीपर्यंत सगळ्या बुशांमधून कुरकुर ऐकू यायला लागली, आणि पौषात एका वळणावर मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटला. उतरून बॅटरी मारून पाहिलं, तर मागच्या डाव्या पाट्याच्या टोकाच्या गुंडाळीतून रबर बाहेर आलेलं, कडेने सालपटासारखं चिरलेलं. सात-आठ महिन्यांत! गॅरेजवाल्याने माल हलका निघाला असं सांगितलं. मी मानलं. नवे बुश आणले, पण या वेळी लावायला दिले नाहीत. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि पुतण्या डिझेल मेकॅनिकचा आयटीआय करून घरी बसलेला होता. लगे हात चारही पाटे उतरवून नीट बघायचे आणि शॉकअपही चांगल्या प्रतीचे टाकायचे, असं ठरलं.

इथे आपल्या लेखातली एक चूक दुरुस्त करते. नवे शॉकअप टाकले की गाडी उंच होते, असं त्यात आहे. गाडीचं वजन पाटे पेलतात. शॉकअप वजन पेलत नाही. पाटा दबून परत उसळला की ती उसळी शमवणं हे त्याचं काम. आत दट्ट्या आणि तेल असतं. तेल बारीक भोकांतून आणि झडपांतून जबरदस्तीने जातं, त्यात उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो. गॅस भरलेल्या शॉकअपने गाडी किंचित उचलल्यासारखी वाटते, एवढंच. कललेली गाडी शॉकअप बदलून सरळ करायला जाणं म्हणजे मोडलेल्या पायाला तेल चोळणं. पाट्यांमध्ये थोडा शॉकअप निसर्गतःच असतो बरं का. एकावर एक पाती घासतात आणि तेवढी उसळ तिथेच मरते. पण गंज धरला की ती घासण जाम होते आणि गाडी लाकडी होते. आमच्या डांगी जनावराच्या कातडीला अंगचं तेल असतं, घाटमाथ्याच्या पावसाचं पाणी त्यावरून निथळून जातं. पाट्यांना ती सोय नाही.

आता काम. अंगणात शहाबादी फरशी आहे, तिच्यावर जॅक घसरतो, म्हणून खाली फळी. आणि जॅक लावायच्या आधी राहिलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड. ही सवय मला खात्याच्या जुन्या महिंद्रा जीपच्या ड्रायव्हरने लावली. त्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसायचा, गिअरच्या मागे, मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या शाफ्टवर असायचा. मागचं एक चाक हवेत गेलं की शाफ्ट धरलेला असूनही ते चाक उलटं फिरतं आणि गाडी चालू लागते, कारण दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा मधला डिफरेन्शियल तशी मोकळीक देतो. तो ड्रायव्हर म्हणायचा, दगड आधी, देव नंतर. माझ्या गाडीला याची गरज असो नसो, मी दगड लावते.

गाडी उचलून घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, चेसीखाली (गाडीच्या सांगाड्याखाली) लावायच्या, हौसिंगखाली नाही. कारण हौसिंगच तर सोडवायचंय. जॅक मात्र हौसिंगखाली राहू द्यायचा, म्हणजे ते हवं तसं वर-खाली करता येतं. मग आधी शॉकअप, मग यू-बोल्ट (पाटा हौसिंगला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट), मग पाट्याची दोन्ही टोकं. सांगायला एवढंच. करायला बसलो तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी बारा एका बोल्टात गेले. पुढच्या उजव्या शॅकलचा, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसीला झुलतं जोडणाऱ्या कडीचा. नट सुटला, पण बोल्ट जुन्या रबराला आणि गंजाला असा चिकटला होता की हातोड्याने डोकं चपटं व्हायला लागलं, बोल्ट जागचा हलेना. तीन दिवस आधीपासून डिझेल सोडत होतो, त्याचा उपयोग बाकीच्या सात ठिकाणी झाला, इथे नाही. पुतण्या म्हणाला, “आत्या, गॅस लावू?” मी नको म्हटलं. रबर जळतं, धूर घशात जातो आणि शेजारीच ब्रेकची नळी. शेवटी ग्राइंडरने बोल्टाचं डोकं आणि नटाकडची बाजू कापली आणि मधला तुकडा छन्नीने ठोकून काढला. नवा बोल्ट आधीच आणून ठेवला होता म्हणून बरं. ज्याला रविवारी दुपारी हे काम करायचंय त्याने शनिवारी बाजार उघडा असताना सगळे बोल्ट आणि नट नवेच आणून ठेवावेत. यू-बोल्ट तर जुने परत लावूच नयेत. एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट परत तशी पकड देत नाही.

आणखी एक. हौसिंग खाली सोडताना ब्रेकची रबरी नळी बघत राहावं. शॉकअप सुटला की हौसिंगला खाली जायला अडवणारं फारसं काही नसतं, आणि मग सगळा ताण नळीवर येतो. आमच्या पुतण्याने जॅक भसकन सोडला होता. मी ओरडले. शेजारच्या काकू बघायला आल्या.

नवा बुश बसवायला ग्रीस लावायचं नाही. साधं खनिज ग्रीस रबराला फुगवतं. मी बादलीत साबणाचं पाणी केलं, अडलेलं वासरू काढताना हाताला करते तसंच. त्याने बुश गुंडाळीत असा सरकला की पुतण्या खूष झाला. साबण वाळून जातो, मागे काही उरत नाही.

मग आमच्याकडून चूक झाली, तीही लिहिते. पाट्यांचा गठ्ठा मधोमध एका सेंटर बोल्टने बांधलेला असतो. त्या बोल्टाचं डोकं हौसिंगच्या बैठकीतल्या भोकात बसतं. यू-बोल्ट सगळं आवळून धरतात, पण हौसिंग नेमकं कुठे राहायचं हे ठरवतं ते डोकं. मागच्या डाव्या बाजूला डोकं भोकात न जाता भोकाच्या काठावर बसलं. आम्ही यू-बोल्ट आवळत गेलो आणि पाना जड लागत होता, म्हणजे सगळं ठीक असं समजलो. संध्याकाळी मी टॉर्च धरून खाली पाहिलं, तर बैठक आणि पाटा यांच्यामध्ये एका बाजूने उजेड दिसत होता. नखभर फट. टेपने पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजलं. या गाडीत ते अंतर 2375 मिलिमीटर असायला हवं. उजवीकडे दोन-तीनचा फरक, तो टेपचा समजा. डावीकडे तेरा कमी. तशीच चालवली असती तर गाडी खेकड्यासारखी तिरकी पळाली असती, आणि एके दिवशी डोकं तुटून हौसिंग सरकलं असतं. सगळे यू-बोल्ट परत सोडले. जॅकने हौसिंग बोटभर उचललं, पुतण्याने टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, पाटा ढकलला आणि ‘टक’ असा आवाज आला. तो आवाज ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शॉकअप सोपे. खोक्यातून काढले की उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचे आणि ओढायचे, म्हणजे आडवे पडून असताना आत भलतीकडे गेलेली हवा वर येते. पहिल्या दोन दाबांत मधेच पोकळ लागतं, मग एकसारखं जड होतं. नट आवळताना रबराचा गोळा त्यावरच्या वाटीसारख्या वॉशरच्या कडेइतका फुगला की थांबायचं, आणखी आवळलं तर तो चिरतो.

आता बुश. यासाठीच पत्र लिहितेय.

दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या सुमारास चारही पाटे जागेवर होते, शॉकअप जागेवर होते. पुतण्या म्हणाला, “आत्या, शॅकलचे आणि टोकांचे नट आवळून टाकतो, मग चाकं लावून उतरवू.” मी म्हटलं, “चाकं लाव, गाडी उतरव. नट हाताने लागतील तेवढेच ठेव.” त्याला वाटलं, मी दमले. दुसऱ्या दिवशी आवळणार.

मी दमलेच होते. पण कारण वेगळं. बुश म्हणजे रबराची नळी. बाहेरून तिला पाट्याची गुंडाळी धरते, आतून बोल्ट. नट आवळला की रबर दोन्हीकडून पकडलं जातं. नंतर पाटा वर-खाली झाला की रबर घसरत नाही, पिळतं. पिळवटून परत मूळ जागी येतं. ही मूळ जागा ठरते ती नट आवळला त्या क्षणी. गाडी घोडीवर, हौसिंग खाली लोंबतंय, पाटा पूर्ण वाकलेला, अशा वेळी नट आवळला तर रबराला तीच आपली मूळ जागा वाटते. मग गाडी जमिनीवर उतरवली की ती उभी असतानाच बुश पिळलेला. रात्री अंगणात निवांत लावलेली असतानाही पिळलेला. रस्त्यावर खड्डा आला की तो आणखी पिळतो. लोंबत्या स्थितीत आवळलेला बुश आयुष्यात एकदाही मोकळा होत नाही. माझे बुश सात-आठ महिन्यांत सालपटासारखे चिरले ते माल हलका म्हणून नाही. लिफ्टवर गाडी टांगलेली असताना सगळे नट आवळले गेले आणि संध्याकाळी लिफ्ट खाली आली. त्या दिवशी संध्याकाळी गाडी हरणीसारखी उभी दिसली, त्यातही थोडा भाग या पिळलेल्या रबरांचा असणार. तेही स्प्रिंगसारखं गाडीला वर ढकलतातच.

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी चारही चाकांवर, अंगणात, दगड लावलेली. पुतण्याला मागे-पुढे बंपरवर उभं करून पाच-सहा वेळा जोरात दाबायला लावलं, म्हणजे पाटे आपल्या नैसर्गिक जागी बसले. औषधांची पेटी आणि पाण्याचा कॅन नेहमीच्या ठिकाणी ठेवला. मग मी स्वतः पोत्यावर पडून खाली गेले. साठी ओलांडलेल्या बाईने गाडीखाली पडून पाना मारणं घरात कुणाला पसंत नव्हतं, तरी गेले. शॅकलचे आणि टोकांचे नट, आठही ठिकाणचे, गाडीच्या पूर्ण वजनाखाली, सर्व्हिसच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेला जोर आला की आवाज करणाऱ्या पान्याने. तो पान्याचा ‘कट्’ आवाज प्रत्येक नटाला आला. या कामाला पंचवीस मिनिटं लागली. गॅरेजात ही पंचवीस मिनिटं कुणी देत नाही, कारण लिफ्ट खाली आल्यावर पुढची गाडी उभी असते आणि खाली वाकून शिरायला जागा उरत नाही. मी समजू शकते. पण मग गिऱ्हाइकाला माल हलका निघाला म्हणून सांगू नका.

लेखात गाडी उंच करण्याबद्दल कौतुकाने लिहिलंय. त्याबद्दल थोडक्यात. जसे होते तसे पाटे आणि शॉकअप बदलणं म्हणजे दुरुस्ती. लांब शॅकल, जादा कमानीचे पाटे घालून गाडी वर उचलणं हा बदल. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: नोंदणीच्या कागदात असलेल्या आणि मूळ कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हे ठामपणे सांगितलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा सोडा, लांब शॅकलने पुढच्या हौसिंगचा कोन बदलतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येईनासं होतं. घाटात अशा एका गाडीच्या मागे मी एकदा चालले होते. पुन्हा नको.

आपल्याला एक विनंती. नव्या गाड्यांच्या परीक्षणांना पानभर जागा मिळते, ती देत राहा. पण कधी तरी अर्धा रकाना एखाद्या फिटरला द्या. नावानिशी. बुश, यू-बोल्ट, शॉकअपच्या खोक्यात मराठीत एक कागद नसतो. आमच्या राजूरच्या दुकानात मी मागितला तर दुकानदार हसला. शेवटचा पाना गाडी जमिनीवर असताना मारावा, एवढं जरी खोक्यावर छापलं तरी पुष्कळ रबर वाचेल.

आपली,
एक निवृत्त पशुवैद्य
राजूर, ता. अकोले, जि. अहिल्यानगर

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहून गेलं आणि त्या आठवड्यात पाचनईला दोन फेऱ्या झाल्या. नव्या यू-बोल्टांचे नट पाचशे किलोमीटरनंतर परत बघायचे असतात, म्हणून आज सकाळी पाहिले. पुढच्या डाव्या बाजूचे दोन नट पाव-पाव फेरा आत गेले. बाकीचे जागचे हलले नाहीत. उजवी-डावी बाजू परत मोजली, फरक तीन मिलिमीटर. तो माझ्या वजनाचा.